पोर्चचे एकवीस दिवस

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या कॉलनीत वाळूचे ट्रक यायला लागतात. थंडी वाढायच्या आत पाया भरायचा, संक्रांतीपर्यंत भिंती उभ्या करायच्या, उन्हं तापली की स्लॅब टाकायचा आणि मिरगाच्या आधी राहायला जायचं, असं नाशकात घर बांधणाऱ्यांचं पंचांग असतं. यंदाही समोरच्या प्लॉटवर खडी येऊन पडली आहे. सकाळी चहा घेताना घमेल्यांचा आवाज येतो. दुपारी वाऱ्याबरोबर सिमेंटची भुकटी आमच्या ओट्यावर येते आणि आई फडका घेऊन ती पुसत बसते. "किती घरं होताहेत गं," ती म्हणते. तिच्या बोलण्यात कौतुक असतं.

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दर वर्षी याच दिवसांत एक धडा येतो आणि मी फळ्यावर लिहिते, की नवी घरबांधणी हे अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीचं लक्षण आहे. मग समजावून सांगते. एक घर उभं राहतं तेव्हा वीटभट्टी चालते, वखार चालते, लोखंड खपतं, रंगारी लागतो, वायरमन लागतो, नंतर पडदे लागतात, पंखे लागतात. लोकांना उद्याची खात्री वाटते तेव्हाच ते घर बांधायला काढतात. मुली मान डोलावतात आणि लिहून घेतात. हे सगळं खरं आहे. मला ज्यांनी शिकवलं त्या सरांनीही हेच शिकवलं होतं, आणि तेही खरंच सांगत होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला तेव्हा द्राक्षबागा होत्या. एकेक बाग मोडायची, मांडव उतरायचे, चुन्याच्या रेघा पडायच्या आणि बागेचे प्लॉट व्हायचे. सातपूरला कारखाने वाढत होते, बाहेरगावची माणसं येत होती, आणि आयुष्यभर रविवार कारंजाजवळच्या दोन खोल्यांत राहिलेल्या आमच्या अण्णांसारख्या कारकुनांनाही वाटायला लागलं होतं, की आपलं स्वतःचं घर होऊ शकेल. अण्णा माझे वडील. सरकारी कचेरीत होते. सोसायटीत त्यांना कोपऱ्यावरचा प्लॉट मिळाला तेव्हा ते मला सायकलवर पुढे बसवून तिथे घेऊन गेले होते. मी कॉलेजात जाणारी मुलगी, पण त्यांनी ऐकलं नाही. चुन्याच्या रेघेच्या आत उभे राहून ते म्हणाले, "हा हॉल. तू आत्ता हॉलमध्ये उभी आहेस."

पाया खणताना द्राक्षाची मुळं निघाली. हाताच्या मनगटाएवढी, पिळवटलेली. ती मुळं देवराम वाळत घालायचा आणि पहाटे त्यांचा जाळ करायचा. देवराम आणि त्याची बायको हिरा पेठ तालुक्याकडचे. दोघंही बावीस-पंचविशीचे असतील. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात पत्रे टेकवून त्यांनी खोपटं केलं होतं. दिवसा बिगारी काम, रात्री राखण. हिरा घमेली वाहायची आणि भिंतींना पाणी मारायची. देवराम आधी मातीच्या कामाला होता. पण हाताला फार चांगला होता, म्हणून कादरमिस्त्रींनी त्याला सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायच्या, कामावर घेतलं. कादरमिस्त्री आमचे गवंडी. मालेगावचे, साठीला आलेले, पांढरी दाढी, कमी बोलणारे. त्यांच्या ओळंब्याला सोसायटीत मान होता.

त्याच सुमाराला सरांनी आम्हाला एक काम दिलं. "पुस्तकातनं शहर कळत नाही," ते म्हणाले. "बाहेर पडा आणि घरं मोजा." चौघांना चार भाग वाटून दिले. दर आठवड्याला आपल्या भागातल्या प्रत्येक प्लॉटपुढे उभं राहायचं आणि लिहायचं, की पाया झाला, जोतं झालं, भिंती झाल्या, स्लॅब पडला, की घर पूर्ण. मी आमच्याच सोसायटीचा भाग मागून घेतला. त्या हिवाळ्यात मी सायकलवरून सगळ्या गल्ल्या फिरले. नाशकातली ती थंडी, हँडलवर गारठलेली बोटं, ओल्या विटांचा वास, आणि रोज कुठेतरी एक भिंत हातभर वर गेलेली. मला फार आनंद व्हायचा. आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी मोठं होतंय आणि आपण ते लिहून ठेवतोय असं वाटायचं. वहीत मी तारखा काटेकोर लिहायचे. आमच्या घराच्या तर रोजच्या.

फेरी संपली की मी आमच्या प्लॉटवर येऊन बसायचे. हिरा तेव्हा पाणी मारत असायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, काय लिवता तुमी रोज?"

"घरं लिहिते. किती बांधून होताहेत ते."

तिनं गल्लीभर नजर फिरवली. मग खोपट्याकडे हात केला. "हे लिवलं का?"

"ते घर नाही गं," मी म्हणाले.

"मंग काय हाय?" ती हसली. तिला राग आला नव्हता, तिला खरंच वाटलं होतं की मी लिहिलं असेल. मग म्हणाली, "नका लिवू. आमचं घर गावाला होतंय. मेढी रोवून ठेवल्यात. कौलं घालायची हायेत. हे म्हणतात, इथल्या जुन्या फळ्या मिळाल्या तर दार होईल."

अण्णांनी देवरामला तसं कबूल केलं होतं. काम संपलं की सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या तुझ्या.

तिच्याशी माझी मैत्री होती असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. आई दुपारी चहा पाठवायची, त्यात हिराचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला. तो विटांच्या चळतीमागे ठेवलेला असायचा आणि तीच तो धुऊन परत तिथे ठेवायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनं मला ओला आणि मुरलेला स्लॅब दगडानं ठोकून ओळखायला शिकवलं. "वल्याचा आवाज बसका येतो, ताई. मुरला का टणकारतो." मी दगड मारून बघायचे आणि आम्ही दोघी हसायचो. कप मात्र विटांमागेच राहिला.

घराचा मोठा स्लॅब फाल्गुनात टाकून झाला. राहिला तो पुढचा पोर्च. कादरमिस्त्रींचं म्हणणं होतं की पोर्चला दोन खांब द्यावेत. अण्णांना खांब नको होते. शेजारच्या प्लॉटवरच्या पाटणकरांनी, जे त्यांच्याच कचेरीत होते, बिनखांबाचा पोर्च केला होता. भिंतीतून सरळ पुढे आलेला, हवेत तरंगणारा. अण्णांकडे गाडी नव्हती, स्कूटरचं नावही नुसतं नोंदवलेलं होतं. पोर्चखाली सायकलच उभी राहणार होती. तरी ते म्हणाले, "खांब जुन्या पद्धतीचे दिसतात."

"साहेब, ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. "बिनखांबाचा करतो. पण मग टेकू तीन आठवडे काढायचे नाहीत. एकवीस दिवस. एक दिवस कमी नाही."

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. पोर्चच्या आधीच सिमेंट संपलं आणि काम थांबलं. तेवढ्यात मालेगावहून निरोप आला की मिस्त्रींच्या भावाचं काही खरं नाही. ते गेले. मागे हाताखालच्या माणसांना सगळं समजावून गेले. सिमेंट यायला आठवडा लागला. त्यानंतर पोर्चचा स्लॅब टाकला. मी तिथेच होते. हिरानं त्या स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं, वर गोणपाटं अंथरली. मी वहीत तारीख लिहिली.

आता इथे माझी स्वतःची गोष्ट येते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मला स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, सातपूरला कारखान्यात. मी त्याला एकदा एका लग्नात पाहिलं होतं. तो कुणाशी तरी बोलताना मान तिरकी करून ऐकत होता, एवढंच. पण त्या दिवसापासून ते स्थळ व्हावं असं मला वाटत होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडून निरोप आला की मुलाची आई, मामा आणि मुलगा अमुक रविवारी येतील. मध्यस्थ बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना मुलगी रविवार कारंजाच्या खोलीत नका दाखवू. नव्या घरात दाखवा. घर बघूनच माणसं अंदाज बांधतात." अण्णांनी हे ऐकलं. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "घर पूर्ण दिसलं पाहिजे. पुढे टेकूच्या बल्ल्या उभ्या असल्या तर घर भिकेला लागल्यासारखं दिसतं."

कादरमिस्त्री भावाला माती देऊन परत आले, ते त्या रविवारच्या चार दिवस आधी. थकलेले दिसत होते. अंगणात उभे राहून त्यांनी पोर्चकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कधी टाकला?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी," अण्णा म्हणाले. "आज एकवीस झाले. आता टेकू काढून घ्या."

"सिमेंट लगेच आलं?"

"आलं ना."

हिरा बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नाय साहेब. एवढं दिस नाय झालं. म्या पाणी मारते ना. दोन बाजार झाले फकस्त."

दोन बाजार म्हणजे दोन आठवडे. तिचं बरोबर होतं. एका दिवसाचाही फरक नव्हता.

अण्णा तिच्याकडे वळले. ते एरवी मजुरांशी कधी चढ्या आवाजात बोलत नसत. "तुला दहाच्या पुढे मोजता येतं का गं?" ते म्हणाले. कुणीतरी हसलं. हिरानं पदर तोंडाशी धरला.

मिस्त्रींचं समाधान झालं नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर आली. वही माझ्या हातातच होती. "बेटा," ते म्हणाले, "तू रोज लिहितेस ना. किती झाले?"

मला वही उघडायचीही गरज नव्हती. आकडा मला पाठ होता. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, ते पोर्चकडे बघत होते. मला रविवार दिसत होता. अंगणात उभा असलेला, मान तिरकी करून ऐकणारा तो दिसत होता. हिरा माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा मोकळा झाला होता. ताईला माहीत आहे, ताई सांगेल.

"एकवीस," मी म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलवली. शिकलेल्या मुलीच्या वहीवर त्यांनी विश्वास ठेवला. "देवराम," त्यांनी हाक मारली, "टेकू काढायला घे."

पुढचं सगळं थोड्या वेळातच झालं. देवराम पोर्चखाली गेला. एका बल्लीच्या बुडाशी घाव घातला, ती सुटली. दुसरी सुटली. तो गुणगुणत होता. तिसऱ्या बल्लीला त्यानं हात घातला, आणि भिंतीजवळ एक रेघ उमटलेली मला दिसली. कोळ्याच्या धाग्यासारखी होती ती. मी ओरडले की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पोर्च तुकड्यातुकड्यांनी पडला नाही, दार मिटावं तसा भिंतीपासून खाली झुकला आणि आला. आवाजही फार मोठा झाला नाही. बैलगाडीतून पोतं टाकावं तेवढाच. मग धूळ, आणि धुळीत हिराचा आवाज. ती त्याचं नाव घेत नव्हती. त्यांच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. ती नुसतं "अवो, अवो" म्हणत होती.

सगळ्यांनी मिळून स्लॅबचे तुकडे आणि फळ्या बाजूला काढल्या. देवराम शुद्धीवर होता. कमरेखाली हलत नव्हता. तो म्हणाला, "पायावरची फळी काढा." पायावर काही नव्हतं.

वाळूच्या ट्रकमध्ये घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. हिरा त्याच्याबरोबर गेली नाही, तिला कुणी चढू दिलं नाही, ट्रकमध्ये पुरुष होते. ती चालत निघणार, तेवढ्यात हवालदार आला आणि तिला थांबावं लागलं. कादरमिस्त्रींनी पडलेल्या स्लॅबचा एक तुकडा उचलला. बोटांनी दाबला. तो चुरला. त्यांनी तो अण्णांना दाखवला. "साहब," ते म्हणाले, "ये इक्कीस दिन का नहीं है." मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी ओळंबा आणि थापी पिशवीत भरली आणि ते निघून गेले. आमच्या कामावर ते पुन्हा आले नाहीत. मला त्यांनी परत कधी बेटा म्हटलं नाही, कारण मला ते परत कधी दिसलेच नाहीत.

हवालदार वयस्कर होता, उन्हानं वैतागला होता. त्याला अण्णांनी खुर्ची दिली, ताक दिलं. अण्णा म्हणाले, "सकाळी सकाळीच लावून आला असणार. या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. मिस्त्री नाही म्हणत होता तरी घुसला खाली."

हिरा ओरडली. "नाय घेत तो! माळ हाय त्याच्या गळ्यात. बघा जाऊन. नाय घेत."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीच्या कडेला बसले होते. "ताई, तुम्ही होता ना इथं? प्यायलेला होता का?"

देवरामच्या गळ्यातली माळ मी महिनोन्महिने पाहिली होती. पहाटे शेकोटीपाशी तो हात जोडायचा तेही पाहिलं होतं. आईनं एकदा धुळवडीला मजुरांना पिण्यासाठी पैसे दिले, तेव्हा त्यानं आपला वाटा दुसऱ्याला दिल्याचं मीच घरी कौतुकानं सांगितलं होतं. अण्णांनीही ते ऐकलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

हवालदारानं काहीतरी लिहून घेतलं. एवढंच विचारलं, एवढंच लिहिलं. त्या दोन शब्दांना फार वेळ लागला नाही. पुढे मी सभांमधून भाषणं केली, परीक्षांमधून पानंच्या पानं लिहिली. पण कुणाचं आयुष्य ठरवण्याइतकं वजन माझ्या बोलण्याला त्या सकाळी दोनदाच आलं.

अण्णा वाईट माणूस होते असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. मला ताप आला की ते रात्रभर उशाशी बसत. भिकाऱ्याला त्यांनी कधी रिकामं पाठवलं नाही. त्या रात्रीही त्यांना झोप लागली नव्हती, कूस बदलल्याचा आवाज येत होता. पण सकाळी ते उठले ते नव्या गवंड्याच्या शोधात. तीन दिवसांनी पाहुणे यायचे होते.

आईनं दवाखान्यात डबा पाठवला. तीन दिवस पाठवला. चौथ्या दिवशी घरात पाहुण्यांची तयारी होती आणि डबा राहिला. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "आता एकदा खंड पडलाच आहे, तर..." आणि रिकामा डबा फडताळात ठेवला. मी दवाखान्यात गेले नाही. सायकल घेऊन दोनदा फाटकापर्यंत गेले, आणि परीक्षा जवळ आली आहे असं स्वतःला सांगून परत आले.

पडलेल्या पोर्चचा राडारोडा मागच्या अंगणात भरावाला वापरला. तिथेच नंतर तुळशीवृंदावन बांधलं. पुढच्या भिंतीला जिथून पोर्च तुटला होता तिथे ताज्या प्लास्टरचा पट्टा मारून वर आंब्याचं तोरण लावलं. रविवारी माणसं आली. मुलाच्या आईनं सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, स्वयंपाकघराची खिडकी उघडून पाहिली. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "पुढे पोर्च नाही केला?"

"करायचाय," अण्णा म्हणाले. "जावईबापूंची स्कूटर आली की करू."

सगळे हसले. तो मान तिरकी करून हसला. मीही हसले. पंधरा दिवसांत होकार आला.

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरली. मांडवासाठी मागचा कोपरा मोकळा हवा होता म्हणून खोपट्याचे पत्रे आदल्याच दिवशी काढले. हिरा आली तेव्हा तिची भांडी, एक घोंगडी आणि देवरामच्या पायताणांचा जोड गोणपाटात बांधून फाटकाबाहेर ठेवलेला होता. देवरामला दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं होतं. आता इथे ठेवून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिनं गोणपाट उचललं आणि ती अण्णांकडे वळली. अण्णा मांडववाल्याशी बोलत होते.

"साहेब, त्या फळ्या देणार होते तुमी."

"फळ्या?" अण्णा म्हणाले. "त्या सगळ्या तुटल्या ना गं त्यात."

फळ्या मांडवाच्या मागे रचलेल्या होत्या. तिथून दिसत होत्या. हिरानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग अण्णांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यांचा जाळ करून आचाऱ्यानं जेवणं रांधली. पंगत मोठी होती. पाटणकर दोनदा म्हणाले की घर फार प्रसन्न झालंय.

कॉलेजात माझ्या वहीचं कौतुक झालं. चौघांत माझीच सर्वांत नीट होती. सरांनी ती वर्गात हातात धरून दाखवली आणि म्हणाले, "एका हंगामात एवढी घरं! मुलांनो, आपलं शहर निरोगी आहे." टाळ्या झाल्या. आमच्या घरापुढे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पूर्ण. पोर्चची खरी तारीखही वहीत तशीच होती. मी ती खोडली नव्हती. कुणी पाहिली असती तर एका नजरेत कळलं असतं. सरांनी ती वही कपाटात ठेवली आणि मला पैकीच्या पैकी मार्क दिले.

आज मी त्याच घरात राहते. अण्णा गेल्यावर आई एकटी पडली म्हणून आम्ही इथे आलो. नवऱ्याला सातपूर जवळच पडतं. नंतर पोर्च झाला, दोन खांबांचा. अण्णांना म्हातारपणी त्याच पोर्चमध्ये आरामखुर्चीत मरण आलं, दुपारच्या झोपेत. चेहऱ्यावर वेदना नव्हती. भेटायला आलेले सगळे म्हणाले की पुण्यवान माणसालाच असं मरण येतं. माझा नवरा चांगला आहे. मला सुखात ठेवतो, माझं बोलणं अजूनही मान तिरकी करून ऐकतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही. पाप केलं की शासन होतं असं लहानपणी सांगतात. मी वाट पाहिली. काही झालं नाही. मुलं धडधाकट झाली, भिंतींना ओल आली नाही, बोअरला गोड पाणी लागलं.

हिरा मात्र मला आणखी एकदा दिसली. त्याच वर्षी, दिवाळीनंतर. माझं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मी बांगड्या भरून मेन रोडवरून परत येत होते. आमच्याच गल्लीत दोन प्लॉट सोडून नवं काम निघालं होतं आणि भिंती स्लॅबपर्यंत आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग होता, म्हणून मी प्लॉटच्या आतून जायला लागले, छज्ज्याच्या सेंट्रिंगखालून. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

"ताई!"

डोक्यावर घमेलं घेऊन हिरा उभी होती. वाळली होती. कपाळावर कुंकू होतं.  मी विचारलं, "देवराम कसा आहे?"

"हाय," ती म्हणाली. "पडून हाय. सासू बघते. म्या महिन्यातून एकदा जाते." मग तिची नजर माझ्या हातांकडे गेली. "लगीन ठरलं?"

"हो."

"ते रविवारी आलते तेच?"

तिला रविवार माहीत होता. मजुरांना सगळं माहीत असतं. आम्ही तेव्हा तिच्यासमोरच बोलत होतो, ती नसल्यासारखं. म्हणजे त्या दिवशी मी एकवीस का म्हणाले, तेही तिला त्याच क्षणी कळलं असणार. मी मान हलवली. आता ती काय म्हणेल याची मी वाट पाहत राहिले. तिनं शिव्या द्याव्यात, घमेलं माझ्या अंगावर ओतावं, गल्ली गोळा करावी, असं मला वाटत होतं. त्या वेळी मला ते हवं होतं.

ती माझ्या डोक्याच्या वर बघत होती.

"ताई, हितं खाली नका उभ्या राहू," ती म्हणाली. "कालच वतलंय. वलं हाय."

मी चटकन बाजूला झाले. तिनं घमेलं सावरलं आणि ती फळीवरून वर चढायला लागली.